खाडा

आमच्या धरमपेठेतल्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं असतं. सिलिंडर कधी लावलं, दूध अर्धा लिटर जास्त कधी घेतलं, इस्त्रीला कपडे किती गेले, हा सगळा हिशेब त्याच्या चौकटींमध्ये. आणि कामाला येणाऱ्या मुलीचे खाडे. खाड्याला लाल पेनची फुली. महिना संपला की फुल्या मोजायच्या, दोन सोडून द्यायच्या, उरलेल्यांचे पैसे कापायचे. सासूबाईंनी असंच केलं, मीही कित्येक वर्षं तसंच करत आले.

ती पांढराबोडीतून चालत येते. तेवीस वर्षांची, दोन लेकरांची आई, चार घरची धुणीभांडी. मागच्या पोळ्याला ओट्यावर भांडी पालथी घालता घालता म्हणाली, "काकू, उद्या माझा खाडा होईन. मारबत हाय न." मी "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या हाताने फुली मारली.

जानेवारीत जुनं कालनिर्णय उतरवलं तेव्हा रद्दीत टाकण्याआधी सहज पानं चाळली. वर्षभरात एकवीस फुल्या. तीन तिच्या तापाच्या, दोन धाकट्याच्या दवाखान्याच्या. उरलेल्या सोळांकडे बघताना पहिल्यांदाच फुलीखालची बारीक अक्षरं वाचली. पोळ्याचा दुसरा दिवस. घटस्थापना. दसरा. भाऊबीज आणि तिच्या पुढचे दोन दिवस. संक्रांत. महाशिवरात्र. धुळवड. मी वर्षभर जे गैरहजेरीचं पत्रक म्हणून लिहीत होते, ती तिच्या सणांची यादी होती.

मग डोक्यात एक प्रश्न बसला. याच शहरात दीडशे वर्षांपूर्वी पहिली मोठी गिरणी उभी राहिली. तिच्या हजेरीपटावर बायकाही आल्या. विशी-बाविशीतल्या त्या बायकांचे सण कसे होते? त्यांच्या मैत्रिणी कोण? त्यांनी रोजनिशी लिहिली नाही, पत्रं लिहिली नाहीत. पण खाडे मात्र नक्की केले.

दलदलीतली गिरणी

आज आपण ओळखतो ती धरमपेठ तेव्हा नव्हती. सीताबर्डीच्या किल्ल्याच्या पश्चिमेला साहेबांचे बंगले आणि कचेऱ्या, त्यापलीकडे शेतं आणि तेलंगखेडी-अंबाझरीकडे जाणाऱ्या वाटा. अंबाझरीच्या तलावाचं पाणी शहराला मिळू लागलं ते 1873 मध्ये. शहर म्हणजे पूर्वेकडचं: महाल, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी. भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये इंग्रजांनी खालसा केलं आणि 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं.

त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतला कापूस बाहेर पडेना. न्यू इंग्लंडपासून लँकेशायरपर्यंतच्या गिरण्या कापसासाठी तडफडू लागल्या आणि आपल्या वऱ्हाडातल्या, हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. 1867 मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. कापूस इथे, रेल्वे इथे, वर्ध्याकडचा कोळसा हाकेच्या अंतरावर. मग कापड मुंबईतच का विणायचं, असा हिशेब जमशेटजी टाटांनी मांडला. 1874 मध्ये कंपनी काढली. जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागराशी, दलदलीची जागा घेतली आणि ती भरून काढली. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं एका मारवाडी सावकाराने तेव्हा म्हटल्याची गोष्ट टाटांच्या चरित्रांतून येते. 1 जानेवारी 1877 ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस मिल. सुरुवातीला जवळपास तीस हजार चात्या आणि 450 माग होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चात्या 67,000 आणि माग 1,400 झाले.

या मागांवर आणि चात्यांवर कोण उभं राहिलं? नागपूर-उमरेडकडचे कोष्टी पिढ्यान्‌पिढ्या रेशीमकाठी धोतरं नि लुगडी विणत. महार कुटुंबं जाडंभरडं कापड विणत आणि त्यांच्या बायका घरी चरख्यावर सूत काढत. गिरणीचं सूत बाजारात स्वस्तात आलं तसा घरचा चरखा थांबला. ज्या बाईच्या हातचं सूत गिरणीने विकत घेणाऱ्याच्या नजरेतून उतरवलं, तीच बाई मग गिरणीच्या फाटकातून आत गेली.

आत तिची जागा ठरलेली. देशभरातल्या कापड गिरण्यांमध्ये बायका मुख्यतः दोन खात्यांत असत: सुताच्या लड्या करायचं रिळाचं खातं आणि कांड्या भरायचं खातं. दोन्ही कामांना बोटं चपळ लागतात. तुटलेला धागा चिमटीत धरून क्षणात गाठ मारायची, हात थांबू द्यायचा नाही. बहुतेक ठिकाणी कामावर दाम. जेवढ्या लड्या तेवढे पैसे. एका ओळीत बसलेल्या, चक्रांच्या खडखडाटात एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखणाऱ्या बायका. घरात सासू, वस्तीत चार डोळे. पण या ओळीत शेजारी कोण बसेल ते घरच्यांनी ठरवलेलं नव्हतं. नागपूरच्या बाईला नात्यागोत्याबाहेरची मैत्रीण मिळण्याची ही एक नवीच जागा होती.

पाचांत एक गैरहजर

गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेतून आलेले, शिस्तीचे. त्यांच्यापुढे पहिल्याच वर्षांत दोन अडचणी आल्या. एक संपाची: 1877 मध्येच मजुरीच्या दरावरून कामगारांनी काम थांबवलं. हिंदुस्थानातल्या गिरणी कामगारांच्या सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांत त्याची गणना होते. दुसरी अडचण मात्र रोजची. माणसं कामावर येतच नसत. सरासरीने पाचांत एक गैरहजर. मुंबईचा कामगार गावापासून दूर आलेला. नागपूरचा अजून शेताशी, सोयऱ्यांशी, जत्रेशी बांधलेला. हातात चार पैसे आले की तो मासे धरायला जाई, पाहुणचाराला जाई, सण करी. टाटांच्या चरित्रकारांनी नागपूरच्या या सैल स्वभावाचं कौतुकमिश्रित नवल केलं आहे.

जमशेटजींचा तोडगा त्या काळाच्या मानाने वेगळा होता. दंड करत बसण्यापेक्षा त्यांनी गिरणीकडे ओढ लावायचं ठरवलं. भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई, आणि गिरणीचाच एक सण. बक्षीस समारंभाला कामगार घरच्यांसह जमत, खेळ होत, आणि चांगलं काम करणाऱ्यांना घड्याळं, साखळ्या, कडी, कापड, रोख रक्कम मिळे. म्हणजे लोक सणासाठी खाडा करतात हे मालकाने ओळखलं आणि त्यावर उपाय म्हणून स्वतःचा सण काढला. हे हुशारीचं होतं. पण चरित्रांतून ज्याला आळस, सैलपणा म्हटलं गेलं, त्या पाचातल्या एकाकडे आपण तिथीसह बघितलं तर? कारखान्याचं वर्ष सपाट असतं, तीनशे सारखे दिवस. या माणसांचं वर्ष चढउताराचं होतं. हजेरीपटावर जो खड्डा दिसे, तो त्यांच्या वर्षातला उंचवटा असे.

लोवेलच्या पोरींची पत्रं

ज्या गिरण्या कापसासाठी तडफडल्या, त्यांच्यातल्या एका गावाकडे थोडं वळायला हवं, कारण तिथल्या पोरींनी लिहून ठेवलं आहे. अमेरिकेतलं लोवेल. 1820 च्या दशकात उभं राहिलेलं गिरणगाव. शेतकऱ्यांच्या अविवाहित मुली तिथे येत, कंपनीच्या खाणावळीवजा घरांत एकत्र राहत, घंटेवर उठत, बारा-तेरा तास काम करत. त्या शाळा शिकलेल्या होत्या. 1840 ते 1845 त्यांनी 'लोवेल ऑफरिंग' नावाचं स्वतःचं मासिक चालवलं. 1834 आणि 1836 मध्ये संप केले. लूसी लार्कम अकराव्या वर्षी गिरणीत गेली आणि पुढे कवयित्री झाली. तिचं आत्मचरित्र 1889 मध्ये निघालं. हॅरिएट रॉबिन्सनने 1898 मध्ये आपल्या गिरणीच्या दिवसांवर पुस्तक लिहिलं.

त्यामुळे लोवेलच्या मुलींचे सण आपल्याला माहीत आहेत. वर्षाला मोजक्या सुट्या. कर्मठ धर्ममतामुळे त्या भागात नाताळलाही तेव्हा कामाला जावं लागे. मोठा सण नोव्हेंबरातला, सुगी घरात आल्यावरचा थँक्सगिव्हिंग. त्याला मुली घोडागाडीने गावी जात. आणि मैत्रिणी तर पत्रापत्रांत. एका पलंगावर दोघी झोपत, एकीच्या आजारपणात दुसरी तिचे माग सांभाळी.

नागपूरच्या रिळखात्यातली बाई यांतलं काहीच लिहून गेली नाही. तिच्यात आणि लोवेलच्या मुलीत आणखी एक फरक होता. आपल्याकडे अठराव्या वर्षी ती लग्न होऊन आठ-दहा वर्षं झालेली, कडेवर लेकरू असलेली. तिची 'सुटी' म्हणजे गिरणीतून सुटणं, घरातून नव्हे. पुरण तिलाच वाटायचं होतं.

रविवार कुणाचा?

मग सुटी कायद्यात कशी आली? 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुलांचे तास बांधले, त्यांना महिन्याला चार सुट्या दिल्या. बायकांचं नाव त्यात नव्हतं. 1884 च्या सप्टेंबरात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर. सूर्यास्तापर्यंत काम ही सवलत म्हणून मागावी लागत होती, यावरून दिवस किती लांबत असेल ते कळतं. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधू'चे संपादक. रविवार साहेबाचा चर्चचा वार असेल, पण इथे तो खंडोबाचाही वार.

24 एप्रिल 1890 ला मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार बायका उठून बोलल्या. ज्या काळात शिकलेल्या घरची बाई सभेत बसली तरी गवगवा होई, त्या काळात या दोघी हजारो पुरुषांसमोर सुटी मागायला उभ्या राहिल्या. 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

पुढच्या वर्षी कायदा सुधारला आणि 1 जानेवारी 1892 पासून तो लागू झाला; एम्प्रेस मिलला त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षं झाली. बायकांना दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास आणि त्यात दीड तासाचा विसावा. सगळ्यांना आठवड्याची सुटी. त्या कलमात एक बारीक वाट ठेवलेली होती: रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत पूर्ण दिवसाची सुटी दिली, तर रविवारी काम घेता येईल. म्हणजे सणाची सुटी हवी असेल तर रविवार द्या. पंचांग आणि घड्याळ यांचा असा सौदा झाला.

आणि कामावर दाम असलेल्या बाईला मिळालेली सुटी काय, केलेला खाडा काय, हातात पैसा सारखाच: शून्य. फरक एवढाच की सुटीला मुकादम रागवत नसे.

खाड्याचे सण

म्हणून तिच्या सणांकडे बघताना मी त्यांचे दोन ढीग करते. काही सण दिवसाउजेडी येतात. त्यांना खाडा द्यावा लागतो. काही दिवेलागणीनंतर येतात. त्यांना फक्त झोप द्यावी लागते.

पहिल्या ढिगात अव्वल मारबत. पोळा शेतकऱ्याचा, बैलाचा. दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी घेऊन पोरांचा तान्हा पोळा, आणि त्याच दिवशी जुन्या नागपुरातून मारबती निघतात. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, असं सांगतात. म्हणजे दोघीही गिरणीच्या जवळपास बरोबरीच्या. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद नि कापड, आणि चेहऱ्यावर ते भलेमोठे डोळे. काळीचं नातं लोक बाकाबाईशी जोडतात, इंग्रजांच्या बाजूला गेल्याचा ठपका जिच्यावर ठेवला गेला त्या भोसल्यांच्या राणीशी. पिवळीची तेली समाजात श्रद्धेने पूजा होते. बायका लेकरांना तिच्यासमोर धरतात, गावातली रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणून तिला साकडं घालतात. मागून बडग्यांच्या मिरवणुका, ज्यांच्यावर त्या वर्षीच्या महागाईचा, पुढाऱ्यांचा राग पाट्या लिहून काढलेला.

बुधवारी, इतवारी, शुक्रवारी या सगळ्या गिरणीच्या भोवतालच्या वस्त्या. मारबत जवळून जात असताना आत बसून लड्या कोण करेल? शिवाय या सणाला घरात काही शिजवायचं नसतं. पुरण कालच झालं. आज फक्त रस्त्यावर उभं राहायचं, मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून मान उंच करून बघायचं. बाईच्या वर्षात असे सण किती, ज्यात तिने राबायचं नाही? माझ्याकडची मुलगी बाकीच्या फुल्यांपैकी एखादी मागेपुढे करते, ही करत नाही, त्याचं कारण मला असं उमगलं.

दुसरा खाडा दिवाळीचा, आणि तो लांबणारा. भाऊबीजेला माहेर. भंडाऱ्याकडच्या गावांत दिवाळी सरली की मंडई भरते. दुकानं, पाळणे, रात्री दंडार नि खडी गंमत. एका गावची झाली की शेजारच्या गावची. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा छोटा रूळ 1882 पर्यंत राजनांदगावला पोचला आणि भंडाऱ्याकडच्या लेकीला माहेर जवळ झालं. तिकीट हातात, ओच्यात पोरांसाठी चिवडा-शेव, आणि भावाला ओवाळून झालं की मंडईचे दोन दिवस. लोवेलची मुलगी घोडागाडीत बसून जे करत होती, तेच. कालनिर्णयातल्या भाऊबीजेच्या पुढच्या दोन फुल्यांचा अर्थ हा. मी मात्र दरवर्षी "एका दिवसाचं सांगून तीन दिवस?" म्हणत आले होते.

तिसरा खाडा रामटेकचा. त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा, अंबाळ्याच्या तलावात स्नान, गडावर रामाचं दर्शन. नागपूरहून पायी नि बैलगाडीने बायका घोळक्याने जात. जत्रेचं पुण्य घरादाराला मिळतं, त्यामुळे सासूही अडवत नाही. देवाच्या नावाने मैत्रिणींबरोबर एक रात्र घराबाहेर काढायची ही राजमान्य युक्ती होती.

दिवेलागणीनंतरचे सण

दुसऱ्या ढिगातला माझा लाडका सण भुलाबाईचा. पश्चिमेकडे भोंडला, हादगा, खानदेशात गुलाबाई, आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला उठते. मातीची भुलाबाई म्हणजे पार्वती, शेजारी भुलोजी, मांडीवर गणेश. वर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव. संध्याकाळी पोरी जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आज एकीच्या घरी तर उद्या दुसरीच्या.

गाण्यांमध्ये सासरच्या तक्रारी, माहेरचा मुराळी, रुसवे नि दागिने. पण खरी गंमत शेवटी. घरातली बाई आतून झाकलेला डबा घेऊन येते आणि हलवते. खडखड वाजला तर फुटाणे. सळसळ वाजला तर मुरमुरे. वाजलाच नाही तर ओलं काहीतरी, वाटली डाळ किंवा काकडी. आश्विनात आमच्याकडच्या तलावांतून शिंगाडे निघतात, त्यांचा आवाज जाड, बोथट. "गोड का तिखट?" "गोड." "उकडलेलं का कच्चं?" ओळखलं नाही तर हार मान्य करायची, मगच डबा उघडतो. कोजागिरीच्या रात्री जितक्या मैत्रिणी तितक्या खिरापती, आणि ओळखता ओळखता चंद्र डोक्यावर.

या सणाला दक्षिणा नाही, भटजी नाही, नवं लुगडं नाही. मूठभर फुटाण्यांत तो होतो. शिवाय तो भोंगा झाल्यानंतरचा. तेव्हाच्या गिरण्या मुख्यतः दिवसाच्या उजेडावर चालत. आश्विनात दिवस आखडतो, गिरणी लवकर सुटते, आणि संध्याकाळ लांबते. पावसाळ्याचा चिखल सरलेला, थंडी अजून यायची. शेतमजूर बाईला, गिरणीतल्या बाईला परवडेल असा महिना शोधून कुणी हा सण बसवला असता, तर तो इथेच बसला असता.

मैत्रीचाही एक विधी त्या काळच्या मध्य प्रांतात होता. छत्तीसगडही याच प्रांतात, आणि तिथली माणसं मजुरीसाठी नागपुरात आली, आजही आहेत. तिकडे राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेले गव्हाचे कोंब, भोजली, तलावात शिरवतात. त्यातले चार कोंब एकमेकींच्या कानात खोवले की दोघी जन्माच्या मैत्रिणी होतात. मग एकमेकींना नावाने हाक मारायची नाही, 'भोजली' म्हणायचं. नवऱ्याचं नाव घेऊ नये हे सगळ्यांना ठाऊक असतं. मैत्रिणीला तेवढाच मान देणारी रीतही आपल्या शेजारी होती.

जाजमावर शेजारी कोण

इथवर सगळं गोड वाटेल. पण गिरणीतली ओळ आणि सणातली ओळ एक नव्हती. रिळखात्यात मांडीला मांडी लावून बसणाऱ्या दोघी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकमेकींच्या उंबऱ्यात जातीलच असं नाही. गिरणीच्या नळावरही जातीची शिस्त असे, मग घराचं काय?

म्हणून मला 1852 च्या जानेवारीतली पुण्याची एक संक्रांत फार मोठी वाटते. सावित्रीबाई फुले तेव्हा एकवीस वर्षांच्या, शाळा चालवणाऱ्या. कामाला जाणारी तरुण बाईच. महिला सेवा मंडळातर्फे त्यांनी तिळगुळाचा समारंभ ठेवला. पुण्याच्या कलेक्टरांच्या पत्नी अध्यक्ष. निमंत्रणात स्पष्ट केलं होतं की कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि भेद न करता सगळ्यांना हळदीकुंकू लावून तिळगूळ दिला जाईल. हळदीकुंकू तेच, तीळ तेच, गूळ तोच. बदललं फक्त जाजम. सावित्रीबाईंच्या मैत्रीची खूणही एका कागदावर उरली आहे: 1856 मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या गैरहजेरीत शाळेतली सोबतीण फातिमा हिला कामाचा त्रास होत असेल, ही काळजी. त्यांच्या खाड्याचं ओझं फातिमा उचलत होती. लोवेलच्या मुली एकमेकींचे माग सांभाळत, त्यातलाच हा प्रकार.

आणि नागपूर? जाईबाई चौधरी 1892 मध्ये उमरेडला महार कुटुंबात जन्मल्या. 1896 च्या दुष्काळाने घर नागपूरला आणलं. लहान वयात लग्न झालं, आणि त्या नागपूर-कामठीच्या दरम्यान डोक्यावरून ओझी वाहू लागल्या. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना शिकवलं. 1922 मध्ये जाईबाईंनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. 1937 च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषद नागपुरात भरली. देशभरातल्या शिकल्यासवरल्या बायकांचा तो सोहळाच. तिथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळं बसवलं गेलं. 1852 चं जाजम पंच्याऐंशी वर्षांत पुण्याहून नागपूरला पोचलं नव्हतं. दलित बायकांनी लगेच निषेधाची सभा घेतली. पाच वर्षांनी, 20 जुलै 1942 ला, याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची स्वतःची परिषद झाली आणि हजारो बायका आल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं नसतं, तर यातलं बरंच आपल्याला कळलंही नसतं.

कोरी चौकट

एम्प्रेस मिल 1986 मध्ये सरकारच्या ताब्यात गेली, 2002 मध्ये बंद पडली. आता त्या जागेवर मॉल आहे. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी आत जास्तीत जास्त राबतात त्या कपड्यांच्या दुकानांतल्या, खाण्याच्या गाळ्यांवरच्या तरुण मुली; लोखंड्यांचा रविवार त्यांच्यासाठी सगळ्यांत कामाचा वार झाला आहे. घरकामाच्या बायकांसाठी महाराष्ट्रात 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण आठवड्याची सुटी आमच्या ओट्यापर्यंत कायद्याने आलेली नाही. ती येते खाडा होऊनच.

या जानेवारीत नवं कालनिर्णय टांगलं तेव्हा मी तिच्या हातात पेन दिलं. म्हटलं, तुझे दिवस तूच लिही, आणि पैसे कापायचे नाहीत. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग हात पदराला पुसले. नववीपर्यंत शिकलेली आहे. मारबत तिला शोधावी लागली नाही. भाऊबीज, पुढचे दोन दिवस. भराभर गोल काढत गेली. पानं पुन्हा मागे उलटवून जुलैतल्या एका बुधवारी थांबली आणि तिथेही गोल काढला.

मी चष्मा लावून वाकून बघितलं. त्या चौकटीत ना सण, ना उपास. नुसती तारीख.

"हे गं काय? या दिवशी काय असतं?"

"काईच नाई, काकू. आम्ही चौघी जणी हाओ न इकडं कामाले येणाऱ्या, त्या दिवशी संगंच खाडा मारतो. पाऊस लागला की फुटाळ्यावर जाऊन भुट्टे खातो."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. तुम्ही फुली मारता न."

जुनं कालनिर्णय अजून रद्दीत गेलेलं नव्हतं. ती गेल्यावर जुलै काढून बघितला. बुधवारी फुली होती. तिच्यापुढे कंसात मी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: न सांगता.